भेटीच्या वेळी मुलगी बापाकडे जातच नाही. वकील म्हणून मी काय करावं?

लोकमान्यनगर_वकील (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला वकिली करते. कामं बहुतेक दिवाणी: वाटणी, भाडेकरू, एखादं मृत्युपत्र. घटस्फोटाच्या फायली सीनियरांबरोबर हाताळल्या आहेत, पण मुलाच्या ताब्याचं प्रकरण एकटीच्या वकीलपत्रावर हे पहिलंच. ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

माझे पक्षकार वडील आहेत. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. नवरा-बायको वेगळे झाल्यापासून ती आईबरोबर आजोळी राहते. दोन्ही घरं इंदुरातच, स्कूटरवर वीस मिनिटांच्या अंतरावर. घटस्फोटाचा दावा आईने लावला आहे. त्यातच आम्ही हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली अर्ज दिला आणि अंतरिम आदेश मिळाला: महिन्यातून दोन गुरुवारी, दुपारी तीन ते पाच, कोर्टाच्या आवारात भेट. आदेश एवढाच, चार ओळींचा.

मुलगी शाळेतून तशीच गणवेशात येते, आजीचं बोट घट्ट धरून. वडील दिसले की आजीच्या मागे जाते. ते खाली वाकून "ये ना पिल्लू" म्हणतात, ती मान हलवते. मागच्या भेटीला वडिलांची आई घरून बेसनाचे लाडू घेऊन आली होती. मुलीने डब्याकडे हात नेला, मधेच थांबवला आणि आजोळच्या आजीच्या तोंडाकडे बघितलं. आजी काहीच बोलली नाही. मुलीने हात मागे घेतला. हे माझ्यासमोर, चार हातांवर घडलं आणि तेव्हापासून मला या फायलीत नुसतं "अर्जदार विरुद्ध गैरअर्जदार" दिसेनासं झालं आहे.

आता पक्षकार तीन गोष्टी मागताहेत. पहिली, आईविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची कारवाई. दुसरी, त्यांच्या फोनवर मुलीचं एक रेकॉर्डिंग आहे, त्यात ती म्हणते की "आई म्हणते तुम्ही वाईट आहात." ते पुरावा म्हणून लावायचं आणि जजसाहेबांनी मुलीला चेंबरमध्ये बोलावून विचारावं असा अर्ज द्यायचा. तिसरी, भेट नीट होत नाही तोवर पोटगी थांबवायची.

पोटगीला मी नाही म्हटलं आहे. बाकी दोन्हींबद्दल मन डळमळतंय. पक्षकाराचं म्हणणं मांडणं माझं काम आहे, पण ती मुलगी कुणाचीच पक्षकार नाही, तिच्या बाजूने त्या खोलीत कोणी उभं नाही. एकदा वाटलं, सरळ मुलीच्या आईला फोन करून बोलावं. अनुभवी मंडळी काय करतात?

रामबाग_जुनी (इंदूर)

आधी फोनचं. आईला फोन करू नकोस. समोरच्या बाजूला वकील आहे, तेव्हा वादाच्या विषयावर त्या पक्षकाराशी परस्पर बोलायला बार कौन्सिलच्या नियमांनी आपल्याला मनाई आहे. तिच्या वकिलाला फोन कर. आपल्याकडे तोही दोन टेबलं सोडून बसणाराच असतो, चहा घेता घेता बोल. कुटुंब न्यायालयातलं निम्मं काम तिथेच होतं आणि व्हायलाही हवं.

पोटगीचं तू बरोबर केलंस. त्यांना आणखी स्पष्ट सांग की पोटगी मुलीची आहे, भेटीचं भाडं नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956, कलम 20, मुलाला पोसण्याची जबाबदारी आई-बाप दोघांवर टाकतं, त्यात भेटीची अट नाही. थकबाकी चढली की वसुलीचा अर्ज येईल, आणि ताब्याच्या प्रकरणात "बाप पैसे देत नाही" ही ओळ एकदा फायलीत शिरली की कुठल्याच युक्तिवादाने निघत नाही.

आता मुलीचं. तुझे पक्षकार त्या दोन तासांत काय करतात, हे मला आधी जाणून घ्यायचं आहे. मी अशा भेटींना खूपदा बसले आहे आणि पुष्कळ बाप (आयासुद्धा, मूल बापाकडे असतं तेव्हा) भेटीत मुलाची उलटतपासणी घेतात. "आई काय म्हणते? तिकडे कोण कोण येतं? तुला माझ्याकडे यायचंय ना?" सात वर्षांच्या मुलीला कळतं की यातल्या कुठल्याही उत्तराने कोणीतरी दुखावणार. मग ती पदराआड जाते. त्यांना पुढच्या भेटीआधी ऑफिसात बोलाव आणि अर्धा तास फक्त याच विषयावर बोल. प्रश्न विचारायचे नाहीत. आईचं, आजीचं, कोर्टाचं नाव काढायचं नाही. "आपल्या घरी कधी येणार?" हेही नाही. मोठी खेळणी आणायची नाहीत, कारण ती घरी नेली की तिथे दुसरं भांडण. हातांनी करायचं काहीतरी न्यायचं.

माझ्याकडे एक प्रकरण होतं, मुलगा नऊ वर्षांचा, बापाशी अक्षर बोलायचा नाही. बापाला बुद्धिबळ येत होतं. तो पट घेऊन आला, मांडला आणि एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत बसला. पहिल्या भेटीत मुलगा लांबून बघत राहिला. पुढच्या भेटीत जवळ येऊन म्हणाला, "हत्ती असा जात नाही." बापाने मुद्दाम चुकीची चाल केली होती. वेळ संपली तेव्हा डाव अर्धा होता, तर मुलाने वहीच्या मागच्या पानावर सोंगट्या कुठे आहेत ते लिहून घेतलं, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं म्हणून. ती वही तो घरी घेऊन गेला, आईने पाहिली आणि जपून ठेवली. त्या प्रकरणात पुढे तडजोड झाली. माझ्या युक्तिवादाचा त्यात फार वाटा नव्हता.

मग तुझ्या हातात काय आहे? मसुदा. तो चार ओळींचा अंतरिम आदेशच निम्म्या त्रासाचं कारण आहे. मुलीला थकलेल्या दुपारी, गणवेशात, भूक लागलेली असताना, अनोळखी गर्दीत आणायचं आणि तिथे तिने आनंदाने बापाच्या कडेवर जावं अशी अपेक्षा करायची! आदेश बदलून मागता येतो. ताब्याचे आणि भेटीचे आदेश कधीच कायमचे नसतात, मुलाचं हित बदललं की ते बदलतात. रोझी जेकब (1973) आणि आशीष रंजन (2010), दोन्हींत सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं आहे. यशिता साहू (2020) वाच. त्यात न्यायालय म्हणतं की मुलाला आई-बाप दोघांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि भेटीचा आदेश देताना ती कशी, कधी, कुठे हे नीट स्पष्ट करावं. व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काबद्दलही त्यात आहे. तुझ्या अर्जाला याहून मजबूत पाया नको.

अर्जात जागा बदलून माग. रविवारी सकाळी, एखादी बाग चालेल, मेघदूतसारखी, किंवा दोन्ही बाजूंना चालेल अशा नातेवाइकाचं घर. सोडायला कोण येईल, न्यायला कोण, ते नावानिशी लिही. आजोळच्या आजीने मुलीला पोचवून निघायचं, समोर बसून राहायचं नाही, आणि बापाच्या आईने पहिल्या काही भेटींना यायचंच नाही. हे तुझ्या पक्षकाराला जड जाईल. आपल्या घरांत ताब्याचं भांडण खरं तर दोन आज्यांचं होऊन बसतं आणि लाडवाच्या डब्यापाशी तू तेच पाहिलंस. उशीर झाला तर किती वेळ थांबायचं ते लिही. मूल आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर त्याच दिवशी आणि बदली भेट पुढच्या पंधरवड्यात. आठवड्यातून दोन फोन, ठरलेल्या वेळी, पंधरा मिनिटं, स्पीकर बंद, रेकॉर्डिंग दोन्हीकडून नाही. शाळेच्या नोंदीत दोघांची नावं आणि पालकसभेला दोघांना मुभा.

सण विसरू नकोस. बाहेरचे वकील "दिवाळी अर्धी-अर्धी" लिहून मोकळे होतात आणि मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन्ही घरं मुलीला ओढतात. लक्ष्मीपूजन कुठे, पाडवा कुठे, भाऊबीज कुठे (आतेभाऊ-मामेभाऊ असतील तर हा फार महत्त्वाचा दिवस), गणपती बसतो तो दिवस कुठे, आणि इंदुरात आहोत तर रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला ती कोणाबरोबर जाणार, सगळं लिही. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. लिहिताना हास्यास्पद वाटेल, पण भांडण नेमकं जे लिहायचं राहिलं त्यावरूनच होतं.

कायदा आयोगाच्या 257 व्या अहवालात (मे 2015) सामायिक पालकत्वाचा विचार आहे, आजी-आजोबांच्या भेटीचाही. त्याचा कायदा झाला नाही, पण मसुदा करताना उपयोगी पडतो.

रेकॉर्डिंगबद्दल रात्री लिहिते, आता पेशी आहे.

ग्वाल्हेर_बार

मॅडमच्या अनुभवाचा आदर आहे, पण एका बाबतीत मला वेगळं मांडायचं आहे. सबुरीचा सल्ला बापाच्या वकिलाला महागात पडू शकतो.

ताब्याच्या प्रकरणात काळ त्याच्या बाजूने असतो ज्याच्याकडे मूल आहे. वर्ष गेलं, दोन गेली, की समोरची बाजू म्हणते, मूल इथे रुळलंय, शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, आता हलवू नका. आणि न्यायालय ते ऐकतं, कारण खरंच मुलाच्या हिताचं तेच झालेलं असतं. माझ्या एका पक्षकाराने "उगाच कटुता नको" म्हणत दोन उन्हाळे घालवले. तिसऱ्या उन्हाळ्यात मुलगा त्याला ओळखीचा पाहुणा समजत होता.

म्हणून प्रत्येक फसलेली भेट त्याच आठवड्यात कागदावर आणा. आईवर आरोप न करता आणता येते: "अमुक तारखेला भेट ठरली होती, मुलगी आली, वडिलांशी संपर्क होऊ शकला नाही, त्यामुळे पर्यायी व्यवस्था व्हावी." आदेशपत्रिकेवर नोंद झाली पाहिजे. सहा महिन्यांनी एकदम तक्रार केली तर पहिला प्रश्न येतो, इतके दिवस का बोलला नाहीत?

अवमानाची मलाही घाई नाही. आई मुलीला आणते आहे, आदेश शब्दशः पाळते आहे, अवमान कशाचा म्हणणार? न आणल्यास मात्र अंमलबजावणीचा मार्ग आहे, कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 18. अवमानाच्या कायद्यात एक वर्षाची मुदत आहे, ती फक्त नोंदवहीत लिहून ठेवा.

आणखी एक. समोरचं आजोळ इंदुरातच आहे म्हणून बरं. आई पुण्याला किंवा नागपूरला नोकरीला गेली तर? 1890 च्या पालक-पाल्य कायद्याच्या कलम 9 प्रमाणे मूल सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो आणि "सामान्यतः राहणं" म्हणजे काय यावरच वर्ष जातं. रुची माजू (2011) हा निकाल बघा. शहर बदलण्याआधी इतक्या दिवसांची लेखी सूचना द्यावी, ही अट आत्ताच आदेशात मागून ठेवा.

बडोदा_समुपदेशक

मी वकील नाही. बडोद्यात मुलांबरोबर काम करते, न्यायालयातून पाठवलेली कुटुंबंही येतात. वरचे दोन्ही सल्ले वाचले. एका गोष्टीची भीती वाटली म्हणून लिहिते.

मूल एका पालकाकडे जायला नाही म्हणतं याचा अर्थ दुसऱ्याने त्याला शिकवलं, असा सरसकट लावू नका. कधी शिकवलेलं असतंही. विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग (2017) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूल एका पालकापासून तोडलं जाण्याबद्दल लिहिलं आहे, ते वकील मंडळी फार लवकर उद्धृत करतात. पण मूल बापाला खरंच घाबरत असू शकतं. त्याने घरात आरडाओरडा, मारहाण पाहिलेली असू शकते. म्हणून वकीलताईंनी आपल्या पक्षकाराला बंद दाराआड सरळ विचारावं की घरात काय घडत होतं. उत्तर "हो" असेल तर भेट देखरेखीखालीच सुरू व्हायला हवी आणि त्यांना रागावर काम करायला पाठवायला हवं. हे त्यांच्याही भल्याचं आहे.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त दिसते. मुलाला दोघंही आवडतात, पण एकासमोर दुसऱ्याबद्दलचं प्रेम दाखवणं त्याला धोक्याचं वाटतं. लाडवाचा हात मागे गेला, ते मला तसंच वाटतं. भीती असती तर हात डब्याकडे गेलाच नसता.

चेंबरमध्ये बोलावण्याबद्दल. मुलाचं मत न्यायालयाने समजून घ्यावं हे नील रतन कुंडू (2008) या निकालात आहे आणि पालक-पाल्य कायद्याचं कलम 17(3) सांगतं की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर ती विचारात घेता येते. सात वर्षांची मुलगी आवड सांगू शकेल, पसंतीचा भार तिच्यावर टाकू नका. घरचे आधी महिनाभर तिला "जजकाका विचारतील हं" म्हणून घोकवून घेतात, दोन्हीकडचे. त्याऐवजी कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 12 खाली समुपदेशकाची मदत मागा. तो मुलीला दोन-तीनदा, आई-बाप दोघांशिवाय, खेळता खेळता भेटेल.

एक सावधगिरी. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं, असं आपण पक्षकारांना सांगतो. पण पेरी कंसाग्रा प्रकरणात (2019) सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या ताब्याच्या बाबतीत समुपदेशकाचा अहवाल न्यायालयाला वापरता येतो असं ठरवलं, कारण तिथे न्यायालयाला मुलाचं हित शोधायचं असतं. तेव्हा तुमच्या पक्षकाराने समुपदेशकासमोर जे बोलायचं ते हे लक्षात ठेवून बोलावं. आणि समुपदेशक मराठी बोलणारा मिळाला तर आग्रहाने मागा. आमच्याकडे मराठी घरातली मुलं शाळेच्या गोष्टी गुजरातीत सांगतात, पण आई रात्री का रडत होती हे सांगायला लागली की मराठीवर येतात. इंदुरातही हिंदीचं तसंच होत असणार.

एक_आई

मी वकीलही नाही, समुपदेशकही नाही. आमच्या प्रकरणात मूल माझ्याकडे होतं, म्हणजे वरच्या गोष्टीतली समोरची बाजू. लिहू की नको असा विचार करत होते.

माझी मुलगी भेटीच्या दिवशी सकाळी ओकायची. तिच्या बाबांच्या वकिलांनी अर्जात लिहिलं की आईने मुलीच्या मनात विष कालवलं. मी तिच्यासमोर त्यांच्याविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. माझी आई मात्र काढायची, स्वयंपाक करता करता, भांडी आपटून. आणि मी भेटीहून परत आलेल्या मुलीला विचारायचे, "मजा आली?" वाटायचं, किती चांगला प्रश्न आहे. तिने मोठी झाल्यावर सांगितलं, "आई, तू मजा आली का विचारताना तुझा चेहरा असा असायचा की मी हो कसं म्हणू?"

त्यांच्या अर्जातल्या त्या एका वाक्याने मी चिडले आणि पुढे प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत गेले. उन्हाळ्याची सुट्टी नाही, फोन नाही. माझ्या वकिलांनीही मला थांबवलं नाही. ते वाक्य नसतं तर मी कदाचित पहिल्या दिवाळीतच हो म्हटलं असतं. तुम्ही अर्ज लिहाल तेव्हा एवढंच बघा की तो वाचून मुलीच्या आईला हो म्हणायला जागा उरते का.

रामबाग_जुनी (इंदूर)

एक_आई, तुम्ही लिहिलंत ते मी माझ्या ज्युनिअर मुलींना वाचून दाखवणार आहे.

ग्वाल्हेरकरांशी मी सहमत आहे, नोंद करत राहायलाच हवी. मी थांबायला सांगत नव्हते. अर्ज याच आठवड्यात दे, फक्त त्याची भाषा त्यांनी लिहिली तशी ठेव. आणि शहर बदलण्याची सूचना मी विसरले होते, ती घाल. देखरेखीबद्दल बडोद्याच्या बाईंचंही ऐक. पक्षकाराचं उत्तर आल्यावरच बागेचा अर्ज करायचा की नाही ते ठरव.

आता रेकॉर्डिंग. कायद्याने ते बाहेरच राहील असं समजू नकोस. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 14 मध्ये पुराव्याचे नियम सैल आहेत, आणि 14 जुलै 2025 च्या विभोर गर्ग निकालानंतर पती-पत्नींमधलं चोरून केलेलं संभाषणही वैवाहिक वादात ग्राह्य धरता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र जोडलं की तांत्रिक बाजूही पुरी होईल. म्हणून पक्षकाराला "हे चालणारच नाही" असं सांगून वेळ मारून नेऊ नकोस, उद्या दुसरा वकील त्याला सांगेल की चालतं.

खरं कारण सांग. ते संभाषण बायकोशी झालेलं नाही, सात वर्षांच्या मुलीशी झालेलं आहे. तिला माहीत नव्हतं की बाबा रेकॉर्ड करताहेत. ते कोर्टात वाजलं की समोरची बाजू पहिला प्रश्न विचारणार: मुलीने हे कशाच्या उत्तरादाखल म्हटलं? तू आधी पूर्ण रेकॉर्डिंग ऐक. बहुतेक वेळा त्याच्या आधी बापाचा आवाज असतो, "आई माझ्याबद्दल काय म्हणते गं?" म्हणजे पुरावा आईविरुद्ध आणि बापाविरुद्ध, दोन्ही. आणि हे मुलीला कधी ना कधी कळतं. आजोळी कळवणारे पुष्कळ असतात. त्यानंतर ती बापाशी बोलताना कायम जपून बोलेल.

तरीही तो हट्टाला पेटला तर? बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट आहे की पक्षकाराला गैरमार्गापासून रोखायचा वकिलाने पुरेपूर प्रयत्न करावा आणि तो तसंच वागत राहिला तर काम सोडावं. रेकॉर्डिंग लावणं हे त्यात बसतंच असं मी म्हणत नाही. पण आपण पक्षकाराचे भोंगे नाही, आपली विचारशक्ती वापरायला आपण मोकळे आहोत. वकीलपत्र सोडायची वेळ माझ्यावर फार थोड्या वेळा आली. बहुतेक बाप ऐकतात, कोणीतरी त्यांना बसवून नीट सांगितलं तर. ते आपल्याकडे आलेले असतात तेव्हा घाबरलेले असतात, की मूल कायमचं जाईल. ती भीती आधी ऐकून घे, कायदा मग सांग.

लोकमान्यनगर_वकील (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितलंत तसं पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. प्रश्न वडिलांचाच आहे, तीनदा विचारलेला. तिसऱ्यांदा मुलीने ते वाक्य म्हटलं. मी ते त्यांना माझ्या ऑफिसात परत ऐकवलं आणि काहीच बोलले नाही. ते स्वतःच म्हणाले, "हे नको लावायला."

मारहाणीबद्दलही विचारलं. हात उचलला नाही म्हणाले, पण जोरात ओरडणं आणि एकदा ताट भिरकावणं झालं होतं, मुलगी समोर होती. म्हणून पहिल्या काही भेटी समुपदेशकाच्या उपस्थितीत, मराठी बोलणारी व्यक्ती मिळावी या विनंतीसह, आणि त्यानंतर बाग, असा टप्प्याटप्प्याचा अर्ज तयार केला आहे. समोरच्या वकिलांशी बोलले. टप्प्यांना त्यांची हरकत नाही, रविवार मात्र त्यांना नको, मुलीचा चित्रकलेचा वर्ग असतो.

मसुद्यातलं एक कलम बघून सांगा:

"मुलगी भेटीस आली असता तिची वडिलांकडे जाण्याची तयारी नसल्यास तिच्यावर बळजबरी केली जाणार नाही. आई अथवा आजी तिला पोचवून दृष्टीआड होतील व हाकेच्या अंतरावर थांबतील. वडील ठरलेल्या वेळेपर्यंत तेथेच थांबतील. अशी भेट झाली नाही असे न समजता झाली असे समजण्यात येईल, व याबाबत कोणताही पक्ष दुसऱ्यावर दोषारोप करणार नाही."

ताई, एक अडचण आहे. शेवटच्या वाक्यामुळे वडिलांचा बदली भेटीचा हक्क जातो का?

ग्वाल्हेर_बार

जातो. "झाली असे समजण्यात येईल" काढा. "अशा भेटीची नोंद समुपदेशकाच्या अहवालात घेतली जाईल व सलग तीन वेळा असे झाल्यास व्यवस्थेचा फेरविचार करण्यास उभय पक्ष मोकळे राहतील" असं लिहा. नोंदही राहील, आरोपही होणार नाही.

रामबाग_जुनी (इंदूर)

हे चांगलं आहे, तीनच ठेव. आणि चित्रकलेचा वर्ग मोडू नकोस. वर्ग सुटल्यावर वडिलांनी तिला तिथूनच घ्यावं असं सुचव, म्हणजे आजोळच्या दारात देवघेवच नको. त्या दिवशी काढलेलं चित्र तिच्या हातात असेल, बोलायला विषय आपोआप मिळेल. फक्त त्या पहिल्या रविवारी त्यांना कागद आणि रंग स्वतःसाठीही न्यायला सांग.

लोकमान्यनगर_वकील (इंदूर)

समोरच्या वकिलांना आत्ताच विचारते. अर्ज सोमवारी दाखल करते आहे.